पाण्यात म्हैस, वर मोल

अमेरिकेत रविवारी दुपारी सगळ्यांत सुखी माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून सांगेन: राखीव क्वार्टरबॅक. एनएफएलच्या फुटबॉलमध्ये जवळपास प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते तो क्वार्टरबॅक, आणि तो जायबंदी होईपर्यंत मैदानाच्या कडेला टोपी घालून उभा राहतो तो राखीव. कपड्यांना चिखल नाही, बरगड्यांना धक्का नाही, पगार मात्र डॉलरमध्ये आणि भरपूर. मुख्य क्वार्टरबॅकने लागोपाठ दोन पास चुकवले की अख्खं स्टेडियम याच्या नावाचा गजर करतं. याने एकही पास चुकवलेला नसतो. चुकवणार कुठून? टाकलेलाच नसतो.

हा माणूस विकायला काढला तर किती यावेत, या प्रश्नावर तिथले चाहते वर्षातले सहा महिने खर्ची घालतात. हंगाम सप्टेंबर ते फेब्रुवारी. उरलेल्या वेळात सभ्य माणसाने करायचं काय?

व्यवहार बहुधा रोखीने होत नाही. तिथलं चलन म्हणजे ड्राफ्टमधला क्रमांक. दर वर्षी एप्रिलच्या सुमारास 32 संघ कॉलेजमधली पोरं सात फेऱ्यांत वाटून घेतात. ज्याने मागच्या हंगामात सगळ्यांत जास्त मार खाल्ला, त्याला पहिला नंबर. हा नंबर म्हणजे ‘पिक’. तो विकता येतो, गहाण टाकल्यासारखा पुढच्या वर्षाचाही देता येतो. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला जिमी जॉन्सन यांच्या डॅलस काउबॉइजने या पिकांच्या किमतीचं कोष्टकच केलं: पहिल्याला 3000 गुण, दुसऱ्याला 2600, बत्तिसाव्याला 590. कोष्टक झालं ते संघाच्या कचेरीसाठी. आज ते अशा माणसांना तोंडपाठ आहे ज्यांना स्वतःच्या घरकर्जाचा व्याजदर बायकोला विचारावा लागतो.

कोष्टक एक असलं तरी वजनकाटे दोन असतात. एक आपला माल विकायचा, दुसरा लोकांचा घ्यायचा.

बॉस्टनजवळ राहणारा माझा भाचा न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा भक्त. 2017 साली तिथे एकच विषय होता, टॉम ब्रेडीचा राखीव जिमी गारोपोलो. आदल्या वर्षी चेंडूतली हवा कमी केल्याच्या प्रकरणात ब्रेडीला चार सामन्यांची बंदी झाली, तेव्हा या जिमीची मूठ जरा उघडली. पहिला सामना तो उत्तम खेळला. दुसऱ्यात मायामीविरुद्ध तसाच खेळत असताना मध्यंतराआधीच खांदा धरून बाहेर आला. मग मूठ पुन्हा बंद. आमचं फोनवर बोलणं झालं ते असं:

“मामा, पहिल्या फेरीचे दोन पिक. एक छदाम कमी नाही.”

“अरे, पण तो दीडसुद्धा सामना खेळला नाही.”

“पण काय खेळला!”

“आणि खांदा?”

“म्हणून तर दोन म्हणतोय. खांदा धड असता तर तीन सांगितले असते.”

त्याच दमात त्याला विचारलं, की क्लीव्हलंडचा राखीव तुम्हाला देऊ केला तर काय द्याल? “तो? सहाव्या फेरीचा पिक. तोही, सोबत एखादा धडधाकट लाइनमन दिला तर.”

30 ऑक्टोबर 2017 रोजी गारोपोलो गेला. सॅन फ्रान्सिस्कोने 2018च्या ड्राफ्टमधला दुसऱ्या फेरीचा एक पिक दिला. एक. बॉस्टनमध्ये आक्रोश झाला की लुटलो गेलो. तिकडे जिमीने त्या हंगामात पाच सामने खेळून पाचही जिंकले आणि फेब्रुवारीत पाच वर्षांचा, 13 कोटी 75 लाख डॉलरपर्यंतचा करार खिशात टाकला. पुढच्याच सप्टेंबरमध्ये त्याचा गुडघा गेला आणि बॉस्टनच्या त्याच मंडळींना एकाएकी आठवलं की आपण तर पहिल्यापासूनच म्हणत होतो.

गारोपोलो विकला गेला त्याच आठवड्यात ओहायोत आणखी मोठा प्रयोग रंगला. क्लीव्हलंड ब्राउन्सने सिनसिनाटीचा राखीव ए. जे. मॅकॅरन याच्यासाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचे पिक कबूल केले. सौदा ठरला, आणि क्लीव्हलंडचे कागद मुदतीत रीतसर पोचलेच नाहीत म्हणून मोडला. कागदावाचून काम अडलं हे वाचून कित्येक मराठी माणसांना अमेरिका त्या दिवशी पहिल्यांदा आपली वाटली असेल.

राखीव खेळाडूचं मोल त्याच्या खेळावर ठरतं, हा समज आपण टाकून दिलेला बरा. तो किती कमी दिसला, यावर ते ठरतं. पाण्यातल्या म्हशीची शिंगंच काय ती दिसतात. दूध किती आणि लाथ कशी, ते काठावर आल्यावर. जॅक्सनव्हिलचा रॉब जॉन्सन एका सामन्यात मुख्य म्हणून उतरला आणि 1998 साली बफलोने त्याच्यासाठी नवव्या क्रमांकाचा पिक, वर चौथ्या फेरीचा एक, असा दाम मोजला. त्या नवव्या पिकवर जॅक्सनव्हिलने फ्रेड टेलर घेतला. तो पुढे 11,000 यार्डांहून जास्त धावला. जॉन्सन बफलोत बराचसा जमिनीवर पडलेला दिसला. ग्रीन बेच्या मॅट फ्लिनने 1 जानेवारी 2012 रोजी एका सामन्यात 480 यार्ड आणि 6 टचडाउन पास फेकले. सिएटलने त्याच्याशी तीन वर्षांचा करार केला. त्याच वसंतात त्यांनी तिसऱ्या फेरीत रसेल विल्सन नावाचा पोरगा उचलला, आणि फ्लिन पुन्हा टोपी घालून कडेला उभा राहिला.

हे सगळं चाहत्याला सांगून पाहा. तो शांतपणे एकच नाव घेईल: ब्रेट फार्व्ह. अटलांटात 1991च्या हंगामात चार पास, त्यातला आपल्या माणसाच्या हाती एकही नाही, दोन थेट प्रतिस्पर्ध्याच्या. तरी 1992 साली ग्रीन बेने पहिल्या फेरीचा पिक देऊन तो नेला आणि पुढे तो लागोपाठ तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एका फार्व्हने तीन पिढ्यांचे चाहते बिघडवले. लॉटरी लागलेला एक माणूस गावात असला की बाकीच्यांना हिशेब समजावता येत नाही.

त्याच ग्रीन बेने ऑगस्ट 2024 मध्ये मलिक विलिसला टेनेसीकडून सातव्या फेरीच्या पिकवर उचललं. म्हणजे जवळजवळ भाजीवर मिळणाऱ्या कोथिंबिरीच्या भावात. मुख्य क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह पहिल्याच सामन्यात दुखावला. विलिसने पुढचे दोन सामने जिंकून दिले, दुसरा तर खुद्द टेनेसीविरुद्ध. मग लव्ह परतला आणि मिनेसोटाकडून हरला. टेनेसीचा चाहता विचारत होता, आमचा हिरा सातव्या फेरीत दिला कुणी? ग्रीन बेच्या चाहत्याने तोवर कोष्टक उघडलं होतं. दोन सामने, दोन विजय. आता याला झाकून ठेवा. तिसरा खेळवून भाव कशाला पाडायचा?