घर्षण नगण्य माना

भौतिकशास्त्राच्या गणितांत एक माणूस राहतो. त्याला नाव नाही, गाव नाही, बायकामुलं नाहीत. आहे ते फक्त साठ किलो वजन. (वजन नव्हे, वस्तुमान. आमचे सर एवढ्यावरून अर्धा मार्क कापायचे.) हा माणूस वजनकाटा घेऊन लिफ्टमध्ये शिरतो. का, ते विचारायचं नाही. लिफ्ट २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणाने वर निघते, तो खाली वाकून काटा बघतो: ७२ किलो. तेवढ्याच त्वरणाने लिफ्ट खाली निघाली की ४८. गुरुत्वत्वरण अर्थात १० धरलेलं, कारण या दुनियेत आकडेसुद्धा सोयीचे असतात. मग गणिताच्या शेवटच्या पोटप्रश्नात लिफ्टचा दोर तुटतो. आता काटा किती दाखवेल? शून्य. बरोबर, दोन मार्क. त्या माणसाचं पुढे काय झालं हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. पुढच्या पानावर मात्र साठ किलोचाच एक धडधाकट गृहस्थ होडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालायला लागलेला असतो. म्हणजे वाचला असावा.

त्याच्या शेजारी एक मुलगा राहतो. त्याला नाद दोनच. दोरीला दगड बांधून गरगर फिरवणं आणि मनोऱ्यावर चढून दगड खाली सोडणं. आमच्या सोसायटीत कोणी हे केलं तर संध्याकाळपर्यंत त्याच्या आईबापांना चेअरमनचा फोन जाईल. इथे फक्त विचारतात, दगड जमिनीवर पोचायला किती सेकंद लागतील?

या मंडळींशी माझी गाठ परत पडली ती भाचीमुळे. ती सावंतवाडीहून अकरावीला आमच्याकडे पुण्यात आली, आणि आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात वही पुढे करून म्हणाली, “मामा, तू फिजिक्सचा ना? ही दोन न्युमरिकल्स येत नाहीयेत.” मी फिजिक्सचा होतो हे खरं आहे. बी.एस्सी. झालो आणि बँकेत चिकटलो. तिथे तीस वर्षांत मला एकदाही कोणी उतरणीवरून ठोकळा सोडायला सांगितलं नाही. पण मामाने भाचीला ‘येत नाही’ म्हणायचं नसतं. मी चष्मा लावला, “हं, बघू,” म्हटलं आणि चहा मागवून वेळ काढला.

पहिली अडचण भाषेची निघाली. ती दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. त्वरण, संवेग, जडत्व, विस्थापन ही तिची घरची माणसं. अकरावीला कॉलेजात गेली आणि एका रात्रीत सगळ्यांनी नावं बदलली. पंधरा दिवस ती मोमेंटम नावाच्या कुणा परक्याला घाबरून होती. तो आपला संवेगच आहे हे कळल्यावर तिला जो राग आला तो योग्यच होता. माझा प्रवास याच वाटेने, पण जुना, त्यामुळे आता मला दोन्हीकडचे शब्द अर्धे अर्धे आठवतात. पण मराठी शब्दांची एक गंमत इंग्रजीत गेल्यावर हरवते. आपल्या पुस्तकात स्पीडला ‘चाल’ म्हणतात आणि व्हेलॉसिटीला ‘वेग’. वेगाला दिशा असते, चालीला नसते. हे वाक्य मी एकदा आमच्या कट्ट्यावरच्या बुद्धिबळवाल्यांना ऐकवलं. त्यांनी मला परत डावाला घेतलं नाही.

आणि ‘कार्य’! बल लावलं आणि बलाच्या दिशेने विस्थापन झालं तर कार्य झालं, नाहीतर शून्य. पुस्तकातलं ठरलेलं उदाहरण हमालाचं: डोक्यावर बॅग घेऊन तो सपाट फलाटावर कितीही चालला तरी गुरुत्वाविरुद्ध त्याने केलेलं कार्य शून्य. हे हमालाला सांगून पैसे कमी करायचा प्रयत्न कोणी करू नये. आपल्याकडे कार्य म्हणजे लग्नही. भर कार्यात दोघंजण अंतरपाट ताणून उभे असतात, मंगलाष्टकं म्हणणाऱ्या आत्यांना आपण गाण्याच्या परीक्षेला बसलोय असं वाटत असतं, सातवं कडवं सुरू होतं, दंड भरून येतात, आणि भौतिकशास्त्राच्या हिशेबाने या दोघांनी कार्यात केलेलं कार्य शून्य, कारण अंतरपाट जागचा हललेला नाही. “मग हात का दुखतात?” भाचीने विचारलं. याचं उत्तर मला येत होतं, म्हणून जरा सावकाश दिलं. अंतरपाट हलत नसला तरी स्नायूंच्या आतले बारीक धागे एकमेकांना धरतात, ओढतात, सोडतात, परत धरतात. तिथे ऊर्जा खर्च होत राहते. बाहेर दाखवायला काही नसतं. “म्हणजे मामीसारखं,” ती म्हणाली. स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

तिच्या वहीत मला सगळ्यात जास्त भेटणारा शब्द मात्र यातला कुठलाच नाही. तो आहे ‘नगण्य’. घर्षण नगण्य माना. दोरीचं वस्तुमान नगण्य माना. हवेचा रोध नगण्य माना. लग्नाची यादी करायला बसल्यावर एखादे काका पेन्सिल फिरवत जातात ना, “यांना नाही सांगितलं तरी चालेल, हे येणारच नाहीत,” तसं वाटतं. दोरीचं वस्तुमान नगण्य म्हणणाऱ्याने आमच्या आजोळच्या विहिरीवर एक पोहरा काढून बघायला हवा होता. काथ्याचा दोर भिजला की पोहऱ्याच्या बरोबरीने जड व्हायचा. रहाट असा कुरकुरायचा की पाणी कोण काढतंय ते आजीला माजघरातून आवाजावर कळायचं. माझ्या हातची कुरकुर ऐकली की ती ओरडायची, “दोर सोडू नको रे!” नगण्य काय होतं तिथे? फार तर मी.

एका गणितात पावसाचा थेंब होता. एक किलोमीटर उंचीवरून पडतो, हवेचा रोध नगण्य, तर जमिनीवर किती वेगाने आदळेल? दोन गुणिले ९.८ गुणिले १०००, झाले १९६००, वर्गमूळ बरोब्बर १४०. गणितं रचणाऱ्याची ही खास सोय. भाचीने उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि पुढच्या गणिताकडे वळली. मी तिथेच अडकलो. सेकंदाला १४० मीटर म्हणजे तासाला ५०४ किलोमीटर. बाहेर पाऊस चालूच होता. सावंतवाडीच्या पावसाने या वेगाने पडायचं ठरवलं तर कौलं, छत्र्या, केळी, माणसं, काही उरणार नाही. खरा थेंब कितीही मोठा असला तरी सेकंदाला ९ मीटरच्या आसपास वेगाने येतो, तासाला तीस-बत्तीस किलोमीटर, गावात शिरणाऱ्या एसटीसारखा. कारण वेग वाढतो तसा हवेचा रोधही वाढतो, आणि एका टप्प्यावर दोघांची बरोबरी झाली की वेग वाढायचा थांबतो. ज्याला यादीतून काढलं त्यानेच आपली डोकी शाबूत ठेवलेली. अकरावीच्या एका पाठ्यपुस्तकात हवेचा रोध जमेला धरणारंही गणित आहे. त्यात एक ग्रॅमचा थेंब सेकंदाला ५० मीटरने आदळतो, तासाला १८० किलोमीटर. एक ग्रॅमचा थेंब म्हणजे जवळजवळ सव्वा सेंटिमीटर व्यासाचा गोळा. खरे थेंब पाच-सहा मिलिमीटरच्या वर वाढले की हवेतच फुटतात. हे मी उत्साहाने सांगायला लागलो तर ती म्हणाली, “मामा, उत्तर आलंय.”

तिचं बरोबर होतं. आणि नगण्य माना म्हणणाऱ्यांवर मी चिडलो होतो, तेही तितकंसं बरोबर नव्हतं. वहीत हे दोन शब्द लिहून मोकळं होता येतं. हाताने करायला गेलं की घाम निघतो. गॅलिलिओला पडणारी वस्तू मोजायची होती, पण सरळ पडते ती हातात वेळच ठेवत नाही. म्हणून त्याने लाकडी फळीत खाच पाडली, ती घासूनपुसून आत गुळगुळीत चर्मपत्र चिकटवलं, फळी जराशी कलती केली आणि तिच्यावरून घोटीव कांस्याची गोळी सोडली. सेकंदकाटा असलेलं घड्याळ कुठलं? मोठ्या भांड्यातून बारीक धारेने पाणी पेल्यात पडू द्यायचं आणि गोळी खाली पोचली की तो पेला तराजूत घालायचा. जितकं पाणी तितका वेळ. हे सगळं त्याने १६३८ साली छापून आलेल्या पुस्तकात लिहून ठेवलं. पुढे केंब्रिजच्या जॉर्ज ॲटवूडने १७८४ मध्ये आपल्या यंत्राचं वर्णन प्रसिद्ध केलं: कप्पीवरून दोरा, दोन टोकांना जवळजवळ सारखी वजनं. जड बाजू इतकी सावकाश उतरते की मोजायला सवड मिळते. बारावीपर्यंत शेकडो वेळा भेटणारं ‘कप्पीचं गणित’ ते हेच. त्या चाकाचा आस अडखळू नये म्हणून ॲटवूडने तो आणखी चार चाकांच्या कडांवर टेकवला होता. आमच्या आकृतीत ती चार चाकं नाहीत. त्यांच्या जागी एक शब्द आहे, ‘घर्षणरहित’. हाच ॲटवूड बुद्धिबळाचाही वेडा. फिलिदोर या त्या काळच्या नामांकित खेळाडूचे डाव त्याने बसून टिपून घेतले म्हणून ते उरले. अशा माणसाला आमच्या कट्ट्यावर नक्की जागा मिळाली असती.

कप्पीच्या गणितांत माझं लाडकं गणित माकडाचं. ते १८९३ मध्ये लुइस कॅरॉलने ऑक्सफर्डच्या विद्वानांना घातलं. तोच, ॲलिसच्या गोष्टीवाला. पोटापाण्याला तो गणित शिकवायचा. कप्पीवरून दोर, एका टोकाला माकड, दुसऱ्या टोकाला माकडाच्याच भाराचं वजन, दोन्ही स्तब्ध. माकड दोरावर चढायला लागलं तर वजनाचं काय होईल? ते वर जाईल, खाली येईल, की जागच्या जागी राहील? विद्वानांचं एकमत झालं नाही. मला स्वतःला ते माकड फार जवळचं वाटतं. ते चढत राहतं, समोरचं वजन काहीही न करता तेवढंच वर येतं. बँकेत प्रमोशनच्या वेळी मी हे प्रत्यक्ष पाहिलंय.

पण हे आधी उत्तर फोडल्यासारखं झालं. त्या संध्याकाळी मी भाचीला गणित घातलं तेव्हा माझ्या मनात वजन खाली येतं असंच होतं. तिने चार ओळी लिहिल्या. दोर एकच, म्हणून ताण दोन्हीकडे सारखा, भार सारखे, म्हणून त्वरणही सारखं. दोघंही वर. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. तिला विचार करून बसायची चैन परवडतच नाही. चार पर्याय दिसले की ती आधी एककं तपासते, दोन पर्याय तिथेच बाद. आमच्या वेळी हा चपळपणा नव्हता. आम्ही लॉग टेबलं उघडून ‘बार टू पॉइंट थ्री’ असं पुटपुटत बसायचो, आणि निम्मी गणितं अँटिलॉगमध्ये बुडायची. लॉग टेबलं बोर्डाच्या पेपरला तिच्याही नशिबी आहेतच. तिने माझं जुनं पुस्तक मागून घेतलं. आकडे तेच आहेत म्हणाली, वास वेगळा आहे.

माकडाच्या पराभवानंतर मी हट्टाला पेटलो. आमच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दांड्या आहेत, कप्पीवरून दोरीने वर ओढायच्या. एक दांडी सोडवली, दोरीच्या दोन्ही टोकांना पाण्याच्या एकेक लिटरच्या दोन भरलेल्या बाटल्या बांधल्या. माकड नव्हतं, पण ॲटवूड तरी करून बघू म्हटलं. गणिताप्रमाणे एका बाटलीतून चमचाभर पाणी काढलं तरी दुसरी खाली यायला हवी. भाचीने चमचाभर काढलं. काही नाही. आणखी दोन चमचे. बाटल्या एकमेकींकडे बघत लटकून राहिल्या. “थांब, मोजून करू,” म्हणत ती आतून वाटी घेऊन आली. पाव वाटी, काही नाही. अर्धी वाटी, कप्पी जरा कुरकुरली. तो आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकला.

“अहो,” आतून आवाज आला, “त्या कप्पीत तेल घाला म्हणून आठवडाभर सांगतेय.”

“मामी, आत्ता नको!” भाची ओरडली, आणि वाटी उजेडाकडे धरून पाणी ओतत राहिली. मग भरलेली बाटली हलली, थबकली, आणि सावकाश, अगदी अठराव्या शतकातल्या सावकाशीने खाली यायला लागली. भाचीने ओल्या हातानेच वही ओढली आणि तारीख टाकून लिहिलं: कप्पीचं घर्षण, पाऊण वाटी.