निरोग्यांचे रोग

'काय रोग झालाय रे तुला?' हा प्रश्न मराठीत आजारी माणसाला कुणी विचारत नाही. तो राखून ठेवलेला असतो सकाळी नऊपर्यंत लोळत पडलेल्या धडधाकट पोरासाठी. गॅसची टाकी उचलायला सांगितली की ज्याची कंबर धरते आणि क्रिकेटची हाक आली की सुटते, त्याच्यासाठी. खरोखर आजारी असलेल्याच्या उशाशी बसून आपण हळूच विचारतो, 'आता जरा बरं वाटतंय ना?' ज्याला काही झालेलं नाही त्याला रोग, आणि ज्याला झालाय त्याच्यापुढे 'बरं', असा आपल्या बोलण्याचा शिरस्ता आहे.

तापाचंही तेच. अंगात दोन-तीन ताप असलेलं पोर मुकाट पडून असतं, तेव्हा आई म्हणते, 'अंग कढत लागतंय.' तेच पोर बरं होऊन पलंगावरून उड्या मारू लागलं की म्हणते, 'किती ताप देशील मेल्या!' थर्मामीटरच्या मते ताप उतरलेला असतो, आईच्या मते तो आत्ता कुठे चढायला लागलेला असतो.

पोटदुखीही दोन प्रकारची. एक शिळी भेळ खाऊन होते, दुसरी शेजाऱ्यानं गाडी घेतल्यावर. पहिलीवर ओवा चालतो. दुसरीचं वैशिष्ट्य असं की ती रोग्याला स्वतःला कधीच जाणवत नाही, फक्त भोवतालच्यांना दिसते. 'साडूला बढती मिळाल्यापासून पोटात दुखतंय' अशी तक्रार घेऊन डॉक्टरकडे गेलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे.

आयुर्वेदाने शरीरात तीन दोष मानले, पण भाषेने तिघांना सारखा न्याय दिला नाही. ऑफिसात साहेबांचं पित्त खवळतं, घरी पोरं वात आणतात. कफाच्या नावावर मात्र धड एक वाक्प्रचार जमा नाही. छातीत एवढी जागा अडवूनही बोलण्यात बिचारा कफल्लकच राहिला. ती कसर थोडीफार खोकल्याने भरून काढली. वर्गणीवाले दाराचं कुलूप पाहून परस्पर परत गेले की आपला खोकला सुंठीवाचून जातो.

ही ने-आण उलट्या दिशेनेही चालते. बोलण्यातला शब्द दवाखान्यात जातो आणि तिथून वेगळाच होऊन परततो. २०२० पर्यंत 'पॉझिटिव्ह राहा' हे सांगण्यावर कित्येक व्याख्यात्यांचं पोट चालत होतं. करोना आला आणि पॉझिटिव्ह निघालेल्या माणसाच्या जिन्याकडेही कुणी फिरकेना. आता ताप आला की डॉक्टर म्हणतात, 'व्हायरल आहे', आणि नातू विचारतो, 'किती व्ह्यूज?'

कायद्यालाही हा मोह आवरला नाही. केंद्र सरकारने १९८५ साली आजारी उद्योगांसाठी कायदा केला आणि आजारी कोणाला म्हणायचं याची व्याख्याच ठरवली. साचलेला तोटा कंपनीच्या स्वतःच्या पुंजीइतका किंवा त्याहून जास्त झाला की कंपनी आजारी. मुंबईच्या गिरण्यांना हे विशेषण नवं नव्हतं. १९८२ च्या गिरणी संपाचे पुढारी दत्ता सामंत तर पेशानेच डॉक्टर होते, तरी गिरण्यांचं दुखणं हटलं नाही. आजारी सूतगिरणी, आजारी साखर कारखाना, आजारी बँक हे शब्द आपण इतक्या मायेने उच्चारतो की भेटायला जाताना शहाळं न्यावंसं वाटतं. कारखाना आजारी पडला की त्याला कर्जमाफी आणि सवलती मिळतात. कामगार आजारी पडला की बिनपगारी रजा.

इथवर हसण्यावारी नेता येतं. पण ज्या रोगाची माणसाला खरी धास्ती वाटते, त्याचं नाव तो असा उधळत नाही. एक तर तो ते आदराने घेतो, नाहीतर घेतच नाही. देवीच्या रोगाला आपण थेट देवीच म्हटलं. 'देवी आल्या' म्हणायचं आणि घरातल्यांनी आवाजही चढवायचा नाही. १९८० साली हा रोग जगातून गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं, तेव्हा कुठे हे अदबीचं बोलणं संपलं. उलट 'तुला पटकी येवो' हा नळावरच्या भांडणातला हुकमी शाप. पटकी गावंच्या गावं ओस पाडत होती तोवर त्याला धार होती. आता तो दिला तर समोरची बाई पिशवीतून मीठ-साखरेची पुडी काढून दाखवील.

आज ही धास्ती कर्करोगाच्या वाट्याला आली आहे. नावात नुसता कर्क, म्हणजे खेकडा. गाठीभोवती पसरलेल्या शिरा ग्रीक वैद्यांना खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या, त्या उपमेतून हे नाव आलं. पण घरात तो निघाला की तेवढं नावही कुणी घेत नाही. 'गाठ निघालीय' म्हणतात. मुंबईकडे तर 'टाटाला दाखवलंय' एवढ्यावर भागतं. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून उभं आहे आणि त्याच्या नावातच आजाराचं नाव झाकून ठेवायची सोय झाली आहे. ऐकणाराही पुढे काही विचारत नाही.

आणि त्याच सकाळच्या वर्तमानपत्रात, अग्रलेखात, ठळक अक्षरांत छापलेलं असतं, 'भ्रष्टाचाराचा कर्करोग समूळ उपटून काढा!' केमोच्या रांगेत नंबर येईपर्यंत वेळ जावा म्हणून कुणीतरी तेच वर्तमानपत्र उघडून बसलेलं असतं. घरच्यांनी जो शब्द त्याच्यापासून दहा दिवस लपवला, तो लाचखाऊंच्या पंगतीत बसलेला त्याला दिसतो. अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅग यांना स्वतःला कर्करोग झाला होता. १९७८ साली त्यांनी 'इलनेस ॲज मेटाफर' हे पुस्तक लिहून हेच बजावलं की रोगाला रोग राहू द्या, त्याची उपमा करू नका. अग्रलेखवाल्यांपर्यंत ते पोचलेलं दिसत नाही.

कुष्ठरोगाचे तर याहून हाल. त्याला आपण महारोग म्हटलं. बाबा आमटे यांनी १९४९ साली काढलेल्या महारोगी सेवा समितीच्या नावात हा शब्द आहे, पण तिथे त्याच्या पाठोपाठ 'सेवा' येते. भाषणांत 'जातीयतेचा महारोग' म्हटलं की पाठोपाठ फक्त टाळ्या येतात. औषधं घेतली की कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. म्हणूनच त्याच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची विवाह कायद्यांतली तरतूद संसदेने २०१९ साली काढून टाकली. कायदा सुधारला, वक्ते अजून सुधारायचे आहेत.

तेव्हा लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांना एक विनंती. जे दुखणं काढ्याने, ओव्याने किंवा दोन दिवस झोपून जातं, ते खुशाल वापरा. साहेब डोकेदुखी असू देत, शेजाऱ्याच्या पोटात दुखू दे, कुणी खाजवून खरूज काढली तरी हरकत नाही. पण ज्या आजारासाठी माणसं रुग्णालयाच्या बाकावर रात्री काढतात, तो भाषणात ओढू नका. भ्रष्टाचाराला नुसतं भ्रष्टाचार म्हटलं तरी लोकांना नीट कळतं. तो कर्करोग नव्हे. कर्करोग कुणी हौसेने करून घेत नाही.