बोथ्याचा घाट आणि मैत्री

सायकल सहलीतली मैत्री शेगाव ते खामगाव उत्तम टिकते, कारण तिथवर रस्ता सपाट आहे. शेगावात कचोरी खाताना सगळे भाऊ-भाऊ असतात. ‘कोणी मागे राहिलं तर थांबायचं’ हा ठराव तेलकट बोटांनीच मंजूर होतो. मग बोथ्याचा घाट लागतो. बुलडाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बसलंय हे शाळेत पाठ केलेलं असतं. मांड्यांना ते इथे कळतं. पुढे गेलेला मित्र वळणावर थांबतो खरा, पण आपण धापा टाकत पोचलो की ‘चला, झाली विश्रांती’ म्हणत निघतो. त्याची झालेली असते. सगळ्यात महागड्या गियरचा मालक मात्र उतरून ‘निसर्ग बघत’ चालू लागतो.

निसर्ग आहेच म्हणा. हे ज्ञानगंगा अभयारण्य. टिपेश्वरहून निघालेला एक वाघ तेलंगणातूनही हिंडून, १३०० किलोमीटर चालून, २०१९ साली इथे पोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणजे अंतराची नोंद आपल्यासारखीच चोख. फक्त त्याने दर थांब्यावर फोटो पाठवले नाहीत, आणि सोबत मित्र घेतले नाहीत.

बुलडाण्यात चहा होतो, शिव्या विसरल्या जातात आणि पुढचा बेत ठरतो: लोणार. उल्केनेच खड्डा पाडून ठेवलाय, तेव्हा शेवटी उतार नक्की, असं एकाचं गणित. परत वर कसं यायचं, हे कोणी विचारत नाही.