काळ्या खिडकीची सजावट : नवशिक्यांसाठी संपूर्ण मार्गदर्शन

सर्वप्रथम अभिनंदन. संध्याकाळपर्यंत एक बग सोडवून द्यायचा आहे, मॅनेजरने दोनदा विचारून झाले आहे आणि तुम्ही टर्मिनल उघडून त्याच्या रंगाकडे बघत बसला आहात. शेल सजवायला याहून चांगला मुहूर्त नाही. हातात काम नसताना शेल सजवायला घेतलेला प्रोग्रॅमर अजून कुणी पाहिलेला नाही.

आधी शेल निवडावे. लिनक्सवर बहुधा बॅश असते. ब्रायन फॉक्स यांनी ते १९८९ मध्ये ग्नू प्रकल्पासाठी लिहिले. २०१९ नंतरच्या मॅकवर झेडशेल असते. ते पॉल फालस्टॅड यांनी १९९० मध्ये प्रिन्स्टनला शिकत असताना लिहिले. यांपैकी एक घ्यावे आणि दुसऱ्याचा विषय निघाला की नुसते हसावे. फिश नावाचे तिसरेही शेल आहे. ते बसवल्याबरोबर नीट चालते; रंग, सूचना, पूर्तता सगळे आयते मिळते. त्यामुळे त्यात दिवस घालवायला जागाच उरत नाही. ते आपल्या उपयोगाचे नाही.

आता शेलच्या सेटिंग्जची फाइल शोधायची. ती होम फोल्डरमध्ये असते, म्हणजे ~ या चिन्हात. (बर्कलीला बिल जॉय ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम करत, त्याच्या कीबोर्डवर ‘होम’ आणि ~ एकाच बटणावर होते. हे जेवणाच्या सुट्टीत सांगण्याजोगे आहे.) बॅशच्या फाइलचे नाव .बॅशआरसी. एलएस केल्यावर ती दिसणार नाही, कारण टिंबाने सुरू होणारी नावे लपलेली असतात. तसा बेत कुणी केला नव्हता. रॉब पाइक यांनी सांगितलेली हकिगत अशी की, फोल्डरच्या यादीत ‘.’ आणि ‘..’ या दोन नोंदी दिसू नयेत म्हणून एलएसमध्ये फक्त पहिले अक्षर टिंब आहे का एवढेच तपासले गेले. पूर्ण नाव तपासायचा कंटाळा केला गेला, आणि तेव्हापासून जगभरचे प्रोग्रॅमर आपला सगळा संसार त्या कंटाळ्याच्या आडोशाला मांडून बसले आहेत.

फाइल उघडून पहिली ओळ लिहा, नवी खिडकी उघडा. काहीही झालेले नसेल. घाबरू नका, मॅकवर बॅश वापरणाऱ्या प्रत्येकाचा हा पहिला अनुभव आहे. तिथे प्रत्येक नवी खिडकी हे लॉगइन शेल समजले जाते आणि लॉगइन शेल .बॅशआरसीकडे ढुंकूनही पाहत नाही, ते .बॅश_प्रोफाइल वाचते. यामागे तर्क आहे. प्रोफाइल लॉगइनच्या वेळी एकदाच वाचली जावी आणि तिच्यात एक्स्पोर्ट केलेली व्हेरिएबल्स पुढच्या सगळ्या प्रोसेसना वारशाने मिळावीत. एलियस (कमांडची टोपणनावे) मात्र वारशाने जात नाहीत, म्हणून ते आरसीत लिहावेत आणि प्रत्येक नव्या शेलने ती वाचावी. हे समजून घेण्यात एक दुपार जाते. प्रोफाइलमध्ये एक ओळ लिहून तिथूनच .बॅशआरसी वाचायला लावणे हा दोन मिनिटांचा उपाय आहे. सगळे शेवटी तोच करतात, पण दुपार घालवल्यावर.

इथून खरी मजा. प्रॉम्प्ट. पीएस१ या व्हेरिएबलमध्ये तो राहतो. मुळात त्यात तुमचे नाव, मशीनचे नाव, फोल्डर आणि एक डॉलर असतो. तुमचे नाव तुम्हाला माहीत आहे, मशीन मांडीवर आहे. तेव्हा या जागेचा सदुपयोग व्हायला हवा. गिटची शाखा दाखवा. न केलेल्या कमिटसाठी फुली दाखवा. वेळ, बॅटरी, पायथनची आवृत्ती, आणि मागची कमांड फसली असेल तर लाल रंगाचे रडवे तोंड. शाखेच्या नावाआधी ते छोटे फांदीचे चिन्ह हवेच. त्यासाठी खास फॉन्ट बसवावा लागतो, नाहीतर तिथे रिकामा चौकोन येतो. चौकोन आला तर तो मुद्दाम ठेवला आहे असे सांगावे.

रंगांच्या संकेतांभोवती उलट्या तिरक्या रेषेसह चौकटी कंस घालायचे असतात, म्हणजे ही अक्षरे पडद्यावर जागा घेत नाहीत हे बॅशला कळते. ते विसरले की लांब कमांड पुढच्या ओळीवर न जाता स्वतःच्याच डोक्यावर चढते. हे लगेच लक्षात येत नाही. एखादी खरोखर लांब कमांड लिहायची वेळ येते तेव्हाच येते.

शिवाय गिटची स्थिती दाखवणारा प्रॉम्प्ट प्रत्येक एंटरला गिट चालवतो. रेपो मोठा असेल तर तुम्ही रिकामे एंटर दाबता आणि शेल विचारात पडते. ज्या शाखेवर तुम्ही सकाळपासून आहात, तिचे नाव ते पुन्हा एकदा शोधत असते.

मराठीप्रेमी मंडळींना प्रॉम्प्टमध्ये ‘स्वागत’ लिहावेसे वाटेल. लिहावे. टर्मिनल म्हणजे सारख्या मापाच्या चौकोनांची जाळी; अक्षर तिथे एका किंवा दोन चौकोनांत मावले पाहिजे. आपली पहिली वेलांटी आधी दिसते आणि नंतर टाइप होते, आपली अर्धी अक्षरे पुढच्याला बिलगतात. पुष्कळ टर्मिनलना हे झेपत नाही. पायमोडका ‘स्’ एकीकडे, ‘वा’ दुसरीकडे आणि कर्सर भलतीकडेच लुकलुकतो. एलियस मात्र मराठीत चालतात. सीडीसाठी ‘जा’, एलएससाठी ‘बघ’, आरएमसाठी ‘पूस’. प्रत्येक वेळी कीबोर्ड मराठीत न्यायचा, ‘जा’ म्हणायचे, परत इंग्रजीत आणून फोल्डरचे नाव लिहायचे. वाचलेला वेळ मोजू नये.

एलियसचा एकच गंभीर नियम सांगतो, कारण इथे खरेच नुकसान होते. आरएमला ‘आधी विचार’ असा पर्याय जोडून आरएम याच नावाचा एलियस करू नका. हाताला सवय लागते की शेल विचारेलच. मग एक दिवस दुसऱ्याच्या मशीनवर तीच कमांड निर्धास्तपणे दिली जाते, आणि तिथले शेल काही विचारत नाही. त्याला वेगळे नाव द्या. गिट स्टेटससाठी ‘जीएस’ ठेवणार असाल, तर ते नाव गोस्टस्क्रिप्टचे आहे. आयुष्यात गोस्टस्क्रिप्ट लागणार नसेल तर खुशाल ठेवा. आणि एलएसच्या जागी वारंवार ‘एसएल’ टाइप होत असेल, तर त्या नावाचा एक प्रोग्रॅम मिळतो. चूक झाली की पडद्यावरून वाफेचे इंजिन सावकाश जाते. बसवावाच.

पाथच्या बाबतीत एवढेच की, नवा फोल्डर जोडताना जुना पाथही पुढे लिहायचा असतो. नाहीतर एलएस सापडत नाही, व्हीआय सापडत नाही, सगळी मशीन ओस पडते. सीडी आणि इको तेवढे चालत राहतात, कारण ते शेलच्या पोटातच असतात. /बिन/एलएस असा पूर्ण पत्ता दिला की एलएस हजर होते. एडिटरलाही तसेच बोलवावे.

हे सगळे हाताने लिहायचा कंटाळा असेल तर झेडशेलवाल्यांसाठी ‘ओह माय झेडशेल’ आहे. रॉबी रसेल यांनी ते २००९ मध्ये सुरू केले. त्यात तीनशेहून अधिक प्लगइन आणि शंभराहून अधिक थीम्स आहेत, शिवाय दर खिडकीला वेगळी थीम देणारी सोयही आहे, म्हणजे निवड कधीच संपत नाही. सर्व प्लगइन एकदम चालू करावेत. नोडच्या आवृत्त्या सांभाळणारे एनव्हीएमही जोडावे. मग खिडकी उघडायला इतका वेळ लागतो की तो टाइम कमांडने मोजता येतो. आता तो कमी करणे हा नवा प्रकल्प.

दुसऱ्याची आरसी फाइल उचलण्याचाही प्रघात आहे. ती म्हणजे आधीचा भाडेकरू सोडून गेलेला माळा. काय आहे कळत नाही, टाकायची हिंमत होत नाही. आपली फाइल जगाला दाखवण्यापूर्वी मात्र तिच्यात पासवर्ड आणि एपीआय की आहेत का ते बघावे. असतात.

जाता जाता कामाचे थोडे. बॅश मूळ स्थितीत ५०० कमांड लक्षात ठेवते. हिस्टसाइज आणि हिस्टफाइलसाइज दोन्ही वाढवा. कंट्रोल-आर दाबून जुनी कमांड शोधायला शिका. सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबून पडदा गोठला, तर मशीन बंद करू नका, कंट्रोल-क्यू दाबा. माझ्या मते एवढ्यावर आणि पाचसहा एलियसवर जन्म निघतो, पण मग हे मार्गदर्शन पहिल्याच परिच्छेदात संपले असते.

शेवटची पायरी रात्री येते. प्रॉडक्शन सर्व्हर अडकतो, तुम्ही एसएसएच करून आत शिरता. समोर नुसता डॉलर. ‘जीएस’ म्हटले, तर अशी कमांड नाही. ‘बघ’ म्हटले, तर तीही नाही. अशा वेळी गिट स्टेटस पूर्ण लिहावे, नऊ अक्षरे आणि मध्ये एक स्पेस. स्पेलिंगवर भरवसा नसेल तर टॅब दाबून पाहावा. तिथे गिटची पूर्तता बसवलेली नसेल.