अथ गुटिकाव्रतविधी

हे व्रत कोणी करावे

वजन कमी करण्यासाठी ज्यांची स्लीव्ह किंवा बायपास शस्त्रक्रिया झाली आहे, अशा सर्व स्त्री-पुरुषांनी हे व्रत करावे. वय, रास, नक्षत्र यांची अट नाही. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी ‘व्हिटॅमिनच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतील’ असे सांगितलेले असते आणि आपण ‘त्यात काय, घेऊ की’ म्हणून मान डोलावलेली असते. तोच संकल्प. हातावरून पाणी तेव्हाच सोडले गेले, आता माघार नाही.

व्रताचे कारण असे. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. उरलेल्या नळीत शंभर-दीडशे मिलिलिटर, म्हणजे दीड कटिंग चहा, जेमतेम मावतो. बायपासमध्ये तर जठराची तीसेक मिलिलिटरची पिशवी तेवढी वापरात राहते आणि अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून पुढे जाते. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः उतरायचे ते त्याच स्टेशनवर. गाडी आता तिथे थांबत नाही. अन्नातले बी-१२ सुटे व्हायला जठरातले आम्ल लागते आणि पुढे शोषले जायला जठरातच तयार होणारे एक प्रथिन लागते. दोन्हींची आता टंचाई.

या टप्प्यावर घरातील एक ज्येष्ठ व्यक्ती ‘गोळ्या कशाला? पालक खा, पालक!’ असा उपदेश करते. त्यांच्यापुढे नम्रपणे हिशेब मांडावा. शंभर ग्रॅम पालकात लोह साधारण ३ मिलिग्रॅम. पाळी येणाऱ्या स्त्रियांना या शस्त्रक्रियेनंतर रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लागते. म्हणजे रोज किमान दीड किलो पालक, तोही दीड कटिंगच्या जागेत. ज्येष्ठ व्यक्ती मग मेथीचे नाव घेते. हिशेब पुन्हा मांडू नये.

साहित्य

अमेरिकेतील बॅरिअॅट्रिक शल्यविशारदांच्या संघटनेने, एएसएमबीएसने, २०१६ साली सुधारलेली यादी बहुतेक ठिकाणी पायाभूत धरतात. त्यानुसार रोज: खनिजांसह एक मल्टिव्हिटॅमिन, बी-१२ तोंडावाटे किमान ३५० मायक्रोग्रॅम, बी-१, म्हणजे थायमिन, किमान १२ मिलिग्रॅम, कॅल्शियम १२०० ते १५०० मिलिग्रॅम, डी जीवनसत्त्व ३००० युनिट, आणि लोह वर सांगितल्याप्रमाणे, कमी जोखमीच्या पुरुषांना १८ मिलिग्रॅम. आपले नेमके माप रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनीच ठरवावे. शेजारच्या काकूंनी ठरवू नये, या लेखानेही ठरवू नये.

कॅल्शियम शक्यतो सायट्रेट घ्यावे. कार्बोनेट स्वस्त असते आणि मेडिकलवाला आधी तेच काढून देतो. पण ते विरघळायला आम्ल लागते, आणि आम्लाची स्थिती वर सांगितलीच आहे.

द्रव्यपरीक्षा

हा व्रताचा गाभा होय. शस्त्रक्रियेनंतर अनेकांची चव आणि वास बदलतो. काल आवडणारी गोष्ट आज नुसत्या वासाने नकोशी होते. म्हणून गोळी निवडताना पुढील रूपे एकेक करून पारखावीत.

*मोठी गोळी.* कॅल्शियमची गोळी घडवणाऱ्याने ती गिळण्याच्या हेतूने घडवली असेल असे वाटत नाही. पहिले काही आठवडे अशा गोळ्या बहुधा बंदच असतात. नंतरही कुटून घ्यावी काय, हे विचारूनच ठरवावे. हळूहळू विरघळणारी किंवा खास आवरण असलेली गोळी खलबत्त्यात घालू नये. बायपासवाल्यांनी ती शक्यतो टाळलेलीच बरी.

*चघळायची गोळी.* सुरुवातीला हीच सोयीची. स्वाद तीन: संत्रे, स्ट्रॉबेरी आणि मिक्स फ्रूट. यातल्या संत्र्याने नागपूर पाहिलेले नसते. मिक्स फ्रूट म्हणजे काय, हे कंपनीचेही ठरलेले नसते. तरी तिन्ही चाखावेत.

*गमी.* चवीला सर्वांत सुसह्य, म्हणूनच सर्वांत संशयास्पद. मागचे लेबल वाचावे. बहुतेकींत लोह नसतेच, थायमिनही अनेकदा नसते, साखर मात्र असते. नातवंडे जे पळवून खातात ते व्रत नव्हे, खाऊ होय. उलट लोहाच्या गोळ्या मात्र मुलांचा हात पोहोचणार नाही अशाच ठेवाव्यात. जास्त पोटात गेल्या तर मुलाच्या जिवावर बेतते.

*फसफसणारी गोळी.* पेल्यातला फेस शांत होईपर्यंत थांबावे. तो वायू इवल्याशा जठरात नेल्यास उरलेला दिवस त्याच्याच सहवासात जातो.

*दंडाला लावायचा पॅच.* न गिळता पुण्य मिळते, असा याचा दावा. या शस्त्रक्रियेनंतर त्यावर विसंबावे इतका पुरावा नाही. दंड मात्र सजतो.

*इंजेक्शन.* बी-१२चे महिन्यातून एकदा. चव नाही, वास नाही, ढेकर नाही. टोचण्याची भीती नसेल तर याहून सात्त्विक मार्ग नाही.

शाकाहारी व्रतींनी कॅप्सूलकडे विशेष पाहावे. तिचे कवच जिलेटिनचे असेल तर ते प्राणिजन्य. सेल्युलोजच्या कवचाच्या कॅप्सूल मिळतात, त्या मागाव्यात.

लोहाने तोंडात जुने नाणे ठेवल्यासारखे वाटते, मळमळते, पोट जड होते. एक क्षार सोसला नाही तर दुसरा विचारावा. काहींना फेरस सल्फेटने त्रास होतो आणि बिसग्लायसिनेट चालते. तोंडावाटे काहीच टिकत नसेल तर शिरेतून लोह देण्याची सोय आहे. तात्पर्य, न सोसणारी गोळी बदलावी. व्रत मोडू नये. आणि ‘तीनवर एक फ्री’ची बाटली घेण्याआधी एकच पट्टी आणावी. नवे द्रव्य एका वेळी एकच सुरू करावे. पाच एकदम सुरू करणाऱ्याला उलटी झाल्यास आरोपी सापडत नाही.

मुहूर्त

लोह आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. एकत्र आल्यास कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही. कॅल्शियमही एका बैठकीत ५०० ते ६०० मिलिग्रॅमच शोषले जाते. म्हणून दिवसाचे दोन-तीन हप्ते. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती पहाटे उपाशीपोटी, आणि त्यानंतर चार तास लोह-कॅल्शियमला उंबऱ्याबाहेर उभे करावे.

आता महाराष्ट्रातील मुख्य अडचण: चहा. चहातील टॅनिन लोह अडवते. लोहाच्या आधी-नंतर तास-दीड तास चहा वर्ज्य. सकाळी उठल्याबरोबर एक, पेपरबरोबर एक, अकराला ऑफिसात एक आणि चारला ‘कोणीतरी आलं म्हणून’ एक, असा ज्यांचा दिनक्रम आहे त्यांना लोहाचा मुहूर्त रात्रीशिवाय मिळत नाही. रात्रीच घ्यावे. मळमळही झोपेत निभावते. सोबत लिंबाचे चार थेंब असल्यास उत्तम; क जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते.

एकादशीला गोळीने उपास मोडतो काय? मोडत नाही. साबुदाण्याच्या खिचडीत मात्र प्रथिन शोधू नये.

निषिद्ध

साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात. वजन झपाट्याने उतरल्यावर असे होते आणि बहुधा थांबते. या घाबरलेल्या अवस्थेत केसांसाठीच्या बायोटिनच्या डब्या विकत घेण्याचा मोह होतो. भरपूर बायोटिनमुळे थायरॉइडसारख्या तपासण्यांचे आकडे चुकू शकतात. घेत असल्यास रक्त देण्याआधी सांगावे.

साठ हजार युनिटची डी जीवनसत्त्वाची पुडी साधारणतः आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ‘चांगली आहे तर रोज घेऊ’ ही भक्ती मूत्रपिंडाला महागात पडते.

आणि एक नियम विनोदाशिवाय: सतत उलट्या होत असतील, काही पोटात टिकत नसेल, तर ‘गोळी सोसत नाही’ म्हणून घरी बसू नये. शरीरातला थायमिनचा साठा काही आठवड्यांतच संपतो. दृष्टी दुहेरी होणे, तोल जाणे, गोंधळल्यासारखे होणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मज्जातंतू आणि मेंदूचे होणारे नुकसान नंतर भरून येईलच असे नाही.

फलश्रुती

लघवी हळदीसारखी पिवळी होते; ते बी-२ चे काम, काविळीचे नव्हे. लोहाने शौच काळपट होते. डांबरासारखे चिकट होऊन चक्कर येऊ लागली तर मात्र डॉक्टर. खरी फलश्रुती पॅथॉलॉजीच्या कागदावर उमटते: पहिल्या वर्षी तीन, सहा, बारा महिन्यांनी आणि मग दरवर्षी हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, डी आणि पॅराथॉर्मोन पाहावे.

उद्यापन

या व्रताला उद्यापन नाही. दुसऱ्या वर्षी व्रतीला वाटते, मी तर ठणठणीत आहे, आता बास. आणि बंद केल्यावर काहीही होत नाही. हाच सापळा होय. यकृतात बी-१२चा साठा वर्षानुवर्षे पुरतो. तो संपून तळपायांना मुंग्या येऊ लागतात, तोवर गोळ्या कधी सोडल्या हेही आठवत नाही, आणि दोष चपलांना दिला जातो.

प्रसाद

आपण तीस किलोंनी उतरल्यावर एका लग्नात कोणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारील, ‘कुठल्या गोळ्या घेता हो? मलाही लिहून द्या ना.’ त्यांना शांतपणे सांगावे की या गोळ्यांनी ग्रॅमभरही कमी होत नाही. त्यांचा विश्वास बसणार नाही. आपण काहीतरी लपवतो आहोत, असा समज करून घेऊन ते जिलेबीच्या पंगतीकडे वळतील. त्यांना अडवू नये आणि मागे जाऊ नये. प्रसाद वाटायचा नाही, इतकेच लक्षात ठेवून रात्रीचे लोह घ्यावे.