नव्याचं जुनं करण्याची शास्त्रोक्त पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शिका ज्यांच्या घराला माळा आहे, माळ्यावर अडगळ आहे आणि नात्यात एक तरी डेकोरेटर भाचा आहे अशा साधकांसाठी लिहिली आहे. पहिल्या दोन गोष्टी नसल्या तरी चालेल. भाचा मात्र लागतो.

आधी व्याख्या. माळ्यावर असते ती अडगळ. तीच वस्तू खाली आणून, न पुसता, पिवळ्या बल्बखाली ठेवली की ती विंटेज. व्याख्या माझी नाही, भाच्याच्या दरपत्रकावरून काढली आहे. तो लग्नाला, डोहाळजेवणाला, साठीशांतीला 'जुना काळ' उभा करून देतो. कंदील, ट्रंक, सायकलचं चाक, टाइपरायटर, मागं वाड्याची भिंत आणि पुढं नवरा-नवरी. मी 32 वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, गॅदरिंगचे पडदे रंगवले, पेठेतल्या मंडळासाठी गणपतीमागं राजवाडे उभे केले. म्हणून तो सल्ल्याला माझ्याकडे येतो. सल्ला फुकट असतो आणि चहा आमचा. चहाचं पुढं येईलच.

नियम पहिला: शोध. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईचा चोर बाजार मटण स्ट्रीटला आहे. तिथं गेल्यावर हवी ती वस्तू कदापि आधी उचलू नये. शेजारची टवका उडालेली बरणी उचलावी, किंमत विचारावी, तोंड वाकडं करावं, आणि निघता निघता हव्या वस्तूकडे बोट न दाखवता नुसत्या हनुवटीनं 'आणि ते काय?' असं विचारावं. खिशात लोहचुंबक असावं. पितळेला ते चिकटत नाही, पितळी मुलाम्याच्या लोखंडाला चटकन चिकटतं. नंतर स्क्रू बघावेत. जुन्या स्क्रूच्या डोक्यावर एकच आडवी खाच असते. फुलीच्या खाचेचा स्क्रू 1930 नंतरचा. पेशवेकालीन म्हणून दाखवलेल्या पेटीच्या बिजागरीला फुलीचा स्क्रू दिसला, तर पेशव्यांच्या दूरदृष्टीला मनोमन मुजरा करून पुढच्या दुकानात जावं. इनॅमलची पाटी असेल तर खिळ्याची भोकं बघावीत. खरी पाटी भोकाभोवती टवका उडून तिथंच गंजत जाते. खोटी सगळीकडून सारखी गंजलेली असते, गोवर आल्यासारखी.

हे सगळं मला पाठ आहे. तरीही मी ग्रामोफोन घेतला. लखलखीत कर्णा, पेटीवर कुत्र्याचं चित्र, विकणाऱ्याच्या डोळ्यांत आजोबांच्या आठवणी. चुंबक त्या वेळी घरी फ्रीजवर होतं. या ग्रामोफोनवर कुणाचीही तबकडी लावा, गायक हंड्यात बसून गातोय असं वाटतं. सौभाग्यवतींनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "पैसे मोजून सर्दी आणलासा."

प्रवासातून काय आणावं, हा याच नियमाचा पोटनियम. शाहू महाराज 1902 मध्ये विलायतेला गेले, वाटेत रोमचं जुनं क्रीडागार पाहिलं, आणि इथं कोल्हापुरात खासबागेचं कुस्तीचं मैदान उभं राहिलं. आम्ही जातो आणि फ्रीजवर लावायचं चुंबक आणतो. तेही वेळेला खिशात नसतं.

या विद्येचे मूळपुरुषही आमच्याच गावचे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघं नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवायचे. 1913 मध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघांना सिनेमाचं वेड लागलं. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक प्रोजेक्टर आणला. त्यावर लोकांना चित्रपट दाखवले, चार पैसे मिळवले आणि ही विद्या शिकून घेतली. पुढं स्वतःचा कॅमेरा बनवायला घेतला. ते काम हातात असतानाच 1916 मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम तडीस नेलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. भाचा रोज त्याच्या बाजूनं टेम्पो काढतो. त्याला एकदा थांबवून ही सगळी कथा सांगितली. म्हटलं, त्यांनी जुनं आणून नवं केलं, तू नवं मागवून जुनं करतोस. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, त्या प्रोजेक्टरचा फोटो हाय काय? ट्रंकेवर ठेवला तर लई भारी दिसंल."

नियम दुसरा: कागद. पत्रिका जुन्या राजाज्ञेसारखी दिसायला हवी, तर इथं चहा लागतो.

पाव लिटर पाण्यात तीन मोठे चमचे पत्ती घालून पाणी काळंभोर होईपर्यंत उकळावं, गाळावं आणि पूर्ण थंड होऊ द्यावं. साखर, दूध, आलं घालू नये. हे लिहायची गरज वाटत नव्हती, पण भाच्याच्या एका कामगारानं घरातला उरलेला चहा वापरला आणि साखरपुड्याच्या आमंत्रणांना मुंग्या लागल्या. कागद गुळगुळीत चकचकीत नको, चित्रकलेच्या वहीसारखा पाणी पिणारा हवा. आधी तो मुठीत चुरगाळून पुन्हा उलगडावा, म्हणजे चुण्यांत चहा जास्त मुरतो आणि शिरा उमटतात. रुंद ब्रशनं एकाच दिशेनं फासावा. वाळत घालायचा तो सावलीत, सुती धोतरावर. वर्तमानपत्रावर नको, त्याची शाई कागदाला लागते आणि राजाज्ञेच्या पाठीवर सोन्याचा भाव उमटतो. थोडा दमट असताना वर फडकं टाकून इस्त्री फिरवावी. मजकूर आधी झेरॉक्सवर काढून घ्यावा, कारण ती शाई पाण्यानं फुटत नाही. घरच्या रंगीत प्रिंटरवर काढला तर वधूचं नाव वराच्या नावात वाहून जातं. लग्नानंतर तसंही ते होतंच, पण पत्रिकेत नको.

आता खरी गोम सांगतो. जुना कागद इतका तपकिरी नसतोच. दप्तरखान्यात कापडी रुमालात बांधलेले दोन-दोनशे वर्षांचे कागद मी पाहिले आहेत. ते चिंध्या आणि ताग-अंबाडीच्या दोऱ्या कुटून केलेल्या हातकागदाचे. साधारण सायीच्या रंगाचे, शाई अजून काळी. उलट लाकडाच्या लगद्याचं गेल्या वर्षीचं वर्तमानपत्र खिडकीत राहिलं तर म्हाताऱ्यासारखं पिवळं होतं. जुन्या कागदाचं वय कळतं ते घडीवर, कारण घडी पडते तिथं कागद विरतो, आणि कसरीनं पाडलेल्या भोकांवर. हे मी भाच्याला दाखवलं. त्याचं म्हणणं, गिऱ्हाइकाला सायीचा रंग जुना वाटत नाही, तपकिरीच पाहिजे. म्हणजे खऱ्या जुन्याला आमच्याकडं नोकरी मिळणार नाही. वय जास्त, आणि चेहऱ्यावरून दिसत नाही.

एका पत्रिकेला त्यानं मागं मोडी मजकूर छापला, कुठूनसा उतरवून घेतलेला. दिसायला झकास. वधूच्या आजोळकडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मोडी येत होती. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि मांडवात जाहीर केलं, की हा म्हशीच्या वादाचा निवाडा आहे, आणि म्हैस वादीला परत द्यायची आहे. वरपक्ष अजून रुसलेला आहे.

नियम तिसरा: कडा जाळू नयेत. कारण पुढं सांगेन.

नियम चौथा: भिंत. फ्लेक्सवर छापलेली वाड्याची भिंत ही भिंत नव्हे. दहा बाय वीसच्या त्या भिंतीत एकाच विटेची एकच चीर चौदा वेळा येते. एक नवरीच्या डोक्यावर, एक नवऱ्याच्या, बाकीच्या सासरच्या मंडळींना वाटून दिलेल्या. बाबूराव स्वतः पडदे रंगवण्यात एवढे तरबेज, पण कॅमेऱ्यापुढं रंगवलेला राजवाडा टिकत नाही हे त्यांनी ओळखलं आणि पडदे बाजूला सारून खरेखुरे घन देखावे उभे केले. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर त्यांच्या कंपनीतच तयार झाले. 1 जून 1929 ला याच गावात 'प्रभात' काढून पुढं 1933 मध्ये ते पुण्याला गेले. (पुणेकर 'प्रभात'ची गोष्ट पुण्यापासून सुरू करतात. चालायचंच.)

तर भिंत प्लायची करावी. फिकट रंग देऊन वाळवावा. मग बर्न्ट अंबर पाण्यात चहाइतका पातळ करून फासावा आणि ओला असतानाच फडक्यानं पुसावा. खाचाखोचांत उरतो तेवढाच ठेवायचा. पण कुठं उरवायचा, यात सगळं आलं. पावसाचा ओघळ खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघतो, मधून नव्हे. दिवळीतल्या दिव्याची काजळी वर जाते, ज्योतीच्या आकारात निमुळती. कडीभोवती बोटांचा मळ असतो, आणि खुद्द कडी तेवढीच लखलखते. माणूस भिंतीला टेकून बसतो तिथं डोक्याच्या तेलाचा डाग पडतो, जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर. भाच्यानं तो सहा फुटांवर काढला. म्हटलं, अरे मर्दा, तुझ्या वाड्यातली माणसं उभ्यानं झोपायची काय?

त्या दिवसापासून तो घरी आला की भिंतींकडे टक लावून बघत बसतो. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराचा त्यानं फोटो काढून नेला. सौभाग्यवतींनी दुसऱ्या दिवशी ते दार साबणानं घासून काढलं.

नियम पाचवा: टाइपरायटरमध्ये प्लास्टिकची फुलं खोचू नयेत.

नियम सहावा: पितळ. पितळेचं तेज चिंच-मिठानं येतं आणि काळपटपणा नुसत्या दुर्लक्षानं. दुर्लक्ष करायला घरात माणूस लागतो. आमच्याकडं तसा मी एकटाच आहे आणि माझ्या दुर्लक्षाला सकाळी आठच्या आत पितांबरी लागते.

आता तिसऱ्या नियमाचं कारण. राजाज्ञेची कड मेणबत्तीवर जाळून काळी करायची, ही भाच्याची आवडती करामत. मी म्हणायचो, दप्तरं काय चुलीतून काढली होती? तो हसायचा. मग 8 ऑगस्ट 2024 ची रात्र आली. केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी 1915 मध्ये बांधून पुरं केलेलं ते पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. आम्ही दोघंही त्या रात्री गर्दीत उभे होतो, तो त्याच्या कामगारांबरोबर आणि मी पेठेतल्या लोकांबरोबर, एकमेकांना न दिसता. त्या रंगमंचावर मी पोरांची नाटकं बसवली होती. लाकूड जुनं असलं की त्याचा धूर वेगळा असतो. आणखी काही लिहीत नाही. नंतरच्या कामाला मी गेलो तेव्हा टेबलावर मेणबत्ती नव्हती आणि राजाज्ञेच्या कडा कात्रीनं सरळ कापलेल्या होत्या. मी काही बोललो नाही, तोही काही बोलला नाही.

नियम सातवा: लाकूड. नवं फर्निचर जुनं दिसावं म्हणून त्याला साखळीनं बडवतात, खिळ्यानं ओरखडे काढतात, दोन रंग लावून वरचा घासतात. गोदामात त्याचे कामगार खुर्च्या बडवताना पाहिलं की एखाद्या गुन्ह्याचा तपास चालू आहे असं वाटतं. मार सगळीकडे सारखा पडतो, तिथंच खोटं उघडं पडतं. झीज कधी सारखी नसते. समजावून सांगण्यासाठी मी भाच्याला वडिलांची खुर्ची दाखवली. सागवानी, हाताची. तिचा डावा हात गुळगुळीत, जवळजवळ काळा, आरशासारखा. उजवा जसा सुतारानं दिला तसा खरखरीत. कारण वडील संध्याकाळी तिच्यात बसायचे तेव्हा डावा हात खुर्चीवर असायचा आणि उजवा रेडिओच्या बटणावर. सांगली आकाशवाणी खरखरायची, बातम्या संपेपर्यंत ते बटण सोडायचे नाहीत. चाळीस वर्षांत उजव्या हातानं खुर्चीला स्पर्श म्हणून केला नाही.

भाचा खाली वाकून बराच वेळ दोन्ही हात चाचपून बघत होता. मग म्हणाला, "मामा, दोन दिवस द्या की. एका लग्नाला पायजे. जपून आणतो."

दोनाचे नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी टेम्पो दारात थांबला. खुर्ची गोधडीत गुंडाळलेली होती, पोराला न्यावं तशी दोघांनी धरून आत आणली. भाच्यानं स्वतः गोधडी काढली. खुर्ची नव्यासारखी झळकत होती. दोन्ही हात पॉलिशपेपरनं घासून, लाखेचं पॉलिश देऊन, अगदी एकसारखे केलेले. "तुमच्यासाठी म्हणून मीच बसून केलं, मामा. दोन रात्री. कामगाराला हात लावू दिला नाही."

त्याच्या बोटांना अजून पॉलिशचा वास येत होता. सौभाग्यवती म्हणाल्या, "किती देखणी केलीस रं." मी म्हटलं, झकास. आणि त्याच्यासाठी चहा टाकायला सांगितला, दूध-साखर-आलं घालून.

आता रोज संध्याकाळी दोन तास मी तिच्यात बसतो. डावा हात खुर्चीवर ठेवतो, उजवा उचलून धरतो. रेडिओ नाही, म्हणून त्यात मोबाइल असतो. परवा सौभाग्यवती दिवा लावायला आल्या आणि थबकल्या.

"मी मघापासनं बघालोय. नुसतंच बसलायसा?"

म्हटलं, काम चाललंय.