मामींच्या शेजारची सीट

भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईला मिरचीच्या हंगामात जायचं असेल, तर नाकाला रुमाल बांधून जावं. इथला हिरव्या मिरचीचा बाजार मोठा. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातूनही माल येतो आणि ट्रक भरभरून परराज्यांत जातो. या बाजारात ट्रक, टेम्पो, छोटा हत्ती, ट्रॅक्टर, बैलगाडी आणि मोटारसायकलवर आडवी टाकलेली गोणी हे सगळे एकाच वेळी एकमेकांकडे तोंड करून उभे असतात. डावी बाजू, उजवी बाजू असला भेदभाव इथं पाळत नाहीत. आधी घुसलेला आणि नंतर घुसलेला, एवढेच दोन पक्ष.

आमच्या मामींना गाडी शिकायची होती ती याच बाजारात जाण्यासाठी. मामा माल घेऊन जातात, भाव विचारायच्या आधी चहा घेतात आणि चहा संपेपर्यंत भाव उतरतो, असं मामींचं अनेक हंगामांचं निरीक्षण. घरात जुनी मारुती व्हॅन होती. मामांकडं तरुणपणी काढलेलं लायसन होतं. पण शिकाऊ चालकाच्या शेजारी लायसनवाला माणूस बसलाच पाहिजे, तोही वेळ आली तर गाडी आवरू शकेल असा, हे कलम कळल्यावर मामा म्हणाले, "पंचवीस वर्षांत ही बाई मला आवरली न्हाई, आन् आता गाडीसकट आवरू?" म्हणून छत्रपती संभाजीनगरहून मला बोलावणं आलं. आमच्याकडं भाच्याला फार मान. मामा पाया पडतात, मामी पुरणपोळी करतात. तो मान अशा रीतीनं वसूल होतो हे मात्र कोणी आधी सांगत नाही.

लर्निंग लायसनला कुठं जावं लागलं नाही. जून २०२१ पासून महाराष्ट्रात ती परीक्षा आधार कार्डाच्या जोरावर घरबसल्या देता येते. सरकारच्या त्या संकेतस्थळाचं नाव 'सारथी'. मामींना नाव पसंत पडलं. "पर अर्जुनाला कुठं ओटीपी आल्ता?" एवढीच त्यांची शंका. पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की झालं. मामींनी फलकांची चित्रं पाठ केली होती, फक्त प्रत्येक चित्रापाशी त्या थांबायच्या. "ह्यो भोंग्यावर काट मारलेला फलक कुठं असतो?" मी म्हटलं, शाळेपाशी, दवाखान्यापाशी. "आपल्या दवाखान्यापाशी तर भेळवाला असतो." परीक्षेत त्या उत्तम गुणांनी पास झाल्या, कारण परीक्षेत भेळवाला विचारत नाहीत.

मग पाटी. नियमानं पाटी कमीत कमी अठरा सेंटिमीटर चौरस, पांढऱ्यावर तांबडा 'एल', दहा सेंटिमीटर उंच, दोन सेंटिमीटर जाड, पायाशी नऊ सेंटिमीटर रुंद. इतक्या तपशिलानं आमच्या गावात घराचा पायाही कोणी आखत नाही. घरातल्या एका पोरीनं शाळेची पट्टी घेऊन तो आखला, बैलांची शिंगं रंगवून उरलेला तांबडा रंग त्यात भरला, आणि पाटी पुढं-मागं लावून आम्ही व्हॅन बाहेर काढली. पारावरच्या आजोबांनी ती निरखून विचारलं, "हे कोणत्या पक्षाचं चिन्ह म्हनायचं? आन् निवडणूक कवा हाय?"

लर्निंग मिळाल्यापासून तीस दिवस पक्क्या परीक्षेला बसता येत नाही. कायदा बनवणाऱ्यांना या काळात शिकणाऱ्याचा सराव व्हावा असं वाटत असणार. आमच्याकडं सराव गावाचा झाला. सकाळी बाजाराची जागा रिकामी असते, तिथं आम्ही व्हॅन नेऊ लागलो, आणि दात घासता घासता माणसं जमू लागली. प्रत्येकजण सल्ला देई. "रेस द्या, रेस!" "रेस नको, क्लच सोडा!" "क्लच हळू!" मामी क्लच सोडायच्या, व्हॅन बेडकासारखी एक उडी मारून बंद पडायची आणि प्रेक्षकांत समाधान पसरायचं. माझ्या उजव्या पायानं त्या काळात शेजारच्या सीटखाली इतके ब्रेक मारले, की पत्र्याला खड्डा पडला असता. तिथं ब्रेक नव्हता, हे पायाला कोणी सांगितलं नव्हतं.

परीक्षेत काय काय बघायचं याची यादी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या पंधराव्या नियमात आहे. ती मी रात्री ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवायचो. सुरुवात आरसा नीट करण्यापासून. आमच्या व्हॅनचा आरसा मामांनी मागच्या गोण्यांवर नजर ठेवायला खाली वळवला होता आणि तो त्याच कोनात गंजला होता. पुढं, चढावर गाडी थांबवून, मागं न घरंगळता पुन्हा काढणं. त्यासाठी आम्ही ओढ्यावरच्या पुलाचा चढ निवडला. मामा दगड घेऊन मागच्या चाकापाशी उभे राहत. मामी म्हणाल्या, "परीक्षेला पण हे दगड घिऊन येणार का?" त्या दिवसापासून मामी हँडब्रेक शिकल्या. मग मर्यादित जागेत गाडी मागं घेणं. मिरचीच्या गोण्यांच्या दोन रांगा लावल्या आणि त्यांच्यामधून रिव्हर्स. सुरुवातीला काही गोण्या दबल्या. मामांनी त्या वेगळ्या काढून ठेचा करायला दिल्या आणि त्या आठवड्यात आम्ही सगळ्यांनी भाकरीबरोबर मामींची प्रगती चाखली.

यादीतलं एक कलम मात्र ओसरीवर कोणालाच पटलं नाही. मागून येणाऱ्या गाडीला पुढं जाऊ देणं. "काहून जाऊ द्यायचं?" असं चारही बाजूंनी आलं.

परीक्षा जालन्याला. सोयीची वेळ सारथीवर मिळाली म्हणून आम्ही खूश, आणि तो दिवस अंगारकी चतुर्थीचा निघाला. ज्यांना हा रस्ता माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भोकरदनहून जालन्याला जाताना वाटेत राजूर लागतं, राजुरेश्वर गणपतीचं. अंगारकीला जालन्याकडून, भोकरदनकडून, कुठून कुठून माणसं रातोरात पायी निघतात आणि सगळा रस्ता त्यांचा होतो. पिंपळगावहून आम्ही अंधारात निघालो होतो. भोकरदनपर्यंत मामींनी गाडी झकास आणली. पुढं माणसांचा पूर आला.

त्या पुरातून व्हॅन पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर, पायी चालणाऱ्या आजीबाईच्या वेगानं निघाली. आजीबाई खरोखरच शेजारून चालत होती आणि खिडकीतून मामींशी मिरचीच्या भावावर बोलत होती. भोंगा मारायचा नाही, ब्रेकवरचा पाय हलवायचा नाही, गाडी बंद पडू द्यायची नाही. रस्त्याच्या कडेला मंडळं चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी वाटत होती. मामा मागचं दार सरकवून चालत्या गाडीतून उतरले, खिचडीच्या रांगेत उभे राहिले, तीन द्रोण घेऊन परत आले आणि थोडं भरभर चालून पुन्हा गाडीत बसले. माझ्या मते मामींची परीक्षा तिथंच झाली होती. पंधराव्या नियमात अंगारकीचा उल्लेख नाही ही नियमाची उणीव. मंदिरासमोर आल्यावर मामींनी स्टिअरिंगवरचे हात न काढता फक्त मान लववली. "हात जोडले आस्ते, पर नियम हाय," म्हणाल्या. गणपतीनं समजून घेतलं असावं, कारण पुढं रस्ता मोकळा मिळाला.

जालन्यात शिरल्यावर मामांच्या अंगात वेगळंच तेज आलं. तिथं 'मामा चौक' नावाचा एक चौक आहे आणि तो त्यांच्याच नावानं बांधला असल्यासारखे ते प्रत्येक खेपेला त्याची चौकशी करतात.

परीक्षेच्या मैदानावर शिकाऊ मंडळींची जत्राच होती. कॉलेजची पोरं, एक नवी नवरी, ट्रॅक्टरचं लायसन काढायला आलेले दोघे भाऊ, आणि चहाच्या टपरीवर एक असा गृहस्थ ज्याला सगळी परीक्षा पाठ होती, फक्त ती तो पास झालेला नव्हता. नापास झालं की सात दिवसांनी पुन्हा येता येतं, आणि तीनदा नापास झालं की साठ दिवस थांबावं लागतं, हे त्यानं इतक्या आपुलकीनं सांगितलं की मामींनी त्याला लगेच एक केळं दिलं.

नंबर आला. साहेब व्हॅनमध्ये बसले. मी आणि मामा कुंपणापाशी. व्हॅन निघाली, दुसरा, तिसरा, चौथा गिअर पडल्याचा आवाज आम्ही श्वास रोखून मोजला. आणि मग पहिली शिंक ऐकू आली. त्या व्हॅननं कित्येक हंगाम मिरची वाहिली होती. आमच्या घरच्यांची नाकं सरावली होती, साहेबांचं नाक सरकारी होतं. दुसरी, तिसरी, मग मोजणं संपलं. मामींनी आरसा पाहिला, डावा इंडिकेटर दिला, गाडी सावकाश कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि पाण्याची बाटली पुढं केली. साहेबांनी डोळे पुसले, पाणी प्यायलं आणि उरलेली परीक्षा बाहेर उभं राहून घेतली. गोण्यांच्या ऐवजी खांब होते एवढाच फरक. मामींची व्हॅन एकाही खांबाला न शिवता मागं आली. पास.

मामांना त्या वेळी गप्प बसायला हवं होतं. ते टपरीवर पोरांना सांगत होते की खरी परीक्षा रस्त्यावर होते, आयुष्यभर गाडी चालवणाऱ्याला कसली आलीय परीक्षा. विलायतेत मामांच्या मताचे लोक होते. तिथं १९३५ मध्ये परीक्षा सक्तीची झाली, तेव्हा १ एप्रिल १९३४ च्या आधीपासून गाडी चालवणाऱ्यांना तिच्यातून सूट दिली गेली. पण मामांचं लायसन जालन्याचं. ते त्यांनी पुरावा म्हणून खिशातून काढलं, प्लास्टिकच्या पिशवीतलं जुनं पुस्तक, कडा झिजलेल्या. एका पोरानं ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "काका, हे कवाच संपलंय की?"

जुन्या कायद्यात खासगी गाडीचं लायसन वीस वर्षं किंवा वयाची पन्नाशी, जे आधी येईल तोवर चालायचं. मामांची पन्नाशी येऊन आठ दिवाळ्या झाल्या होत्या. आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मुदत संपून वर्षाहून जास्त काळ गेला, की नूतनीकरणाआधी पुन्हा परीक्षा द्यायची असं ठरवून टाकलं होतं.

मामींनी ते पुस्तक हातात घेऊन तारीख दोनदा वाचली. काही बोलल्या नाहीत. मामा मागच्या सीटवर, गोण्यांच्या जागेवर जाऊन बसले. परत निघायच्या आधी मी व्हॅनच्या पुढची पाटी सोडवायला लागलो, तर मामींनी खिडकीतून हात बाहेर काढला.

"राहू द्या भाचेबुवा. ह्यांना लागंल."